आयर्लंडच्या दक्षिण विभागाचा २८६: एका प्रादेशिक आकड्याची उलटतपासणी

युरोपीय संघाची सांख्यिकी संस्था युरोस्टॅट दरवर्षी संघातील सर्व प्रदेशांच्या दरडोई जीडीपीची, म्हणजे सकल देशांतर्गत उत्पादनाची, तुलना प्रसिद्ध करते. २०२२ या वर्षाच्या तुलनेत संघाची सरासरी १०० धरली असता आयर्लंडचा दक्षिण विभाग २८६ वर, म्हणजे सर्वांत वर होता आणि हिंदी महासागरातील मायोत हे फ्रेंच बेट ३० वर, म्हणजे तळाशी होते. लक्झेंबर्गचा आकडा २५७ होता आणि डब्लिन ज्यात येते त्या आयर्लंडच्या पूर्व व मध्य विभागाचा २४३. युरोपातील जुनी, सधन महानगरे या तिघांच्या बरीच खाली होती.

दक्षिण विभागात कॉर्क, केरी, लिमरिक, क्लेअर, टिपरेरी, वॉटरफर्ड, किलकेनी, कार्लो आणि वेक्सफर्ड या काउंट्या, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यांसारखे भाग, येतात. लोकसंख्या सुमारे १७ लाख. कॉर्क शहर आणि त्याचे बंदर, औषधनिर्मितीचे मोठे कारखाने, शॅननचा विमानतळ व औद्योगिक परिसर, आणि या सगळ्याच्या मधे पसरलेली दुधाची शेती व छोटी गावे असे या प्रदेशाचे चित्र आहे. २८६ हा आकडा शब्दशः वाचला, तर येथील माणूस सरासरी युरोपीय माणसाच्या जवळजवळ तिप्पट सधन ठरतो. हा आकडा चुकीचा छापलेला नाही आणि त्यामागची गणनाही मान्य नियमांनुसार झालेली आहे. तरीही त्यातून निघणारा निष्कर्ष चुकीचा आहे. कोणतीही खासगी वा गुप्त माहिती न वापरता, सर्वांसाठी खुल्या असलेल्या आकडेवारीवरून ही चूक कशी दाखवता येते आणि त्या प्रदेशाच्या अर्थव्यवस्थेबद्दल खरे काय म्हणता येते, हे या प्रकरणात तपासायचे आहे. प्रादेशिक आकडेवारी वाचू पाहणाऱ्या कोणालाही यापेक्षा अधिक शिकवणारे उदाहरण माझ्या पाहण्यात नाही, कारण एरवी इतरत्र सौम्य स्वरूपात आढळणारे सगळे दोष येथे ठळकपणे एकत्र आले आहेत.

२०१५ मध्ये काय झाले

१२ जुलै २०१६ रोजी आयर्लंडच्या केंद्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१५ चा जीडीपी वास्तव किमतींत २६.३ टक्क्यांनी वाढल्याचे जाहीर केले. त्याआधीचा अंदाज ७.८ टक्क्यांचा होता. एका विकसित देशाचे उत्पादन एका वर्षात चौथाईहून अधिक वाढावे आणि रोजगार, वेतन किंवा कारखान्यांच्या बांधकामात त्याचा मागमूसही दिसू नये, हे अर्थतज्ज्ञांना पटणारे नव्हते. त्याच वर्षी देशाच्या भांडवली मालमत्तेचा साठा सुमारे ३०० अब्ज युरोंनी वाढलेला दिसत होता. एवढे भांडवल जमिनीवर उभे राहिले असते तर ते आकाशातूनही दिसले असते.

जे आले ते कागदावरचे हक्क होते. बहुराष्ट्रीय कंपन्यांनी आपली पेटंटे, सॉफ्टवेअरचे हक्क आणि इतर बौद्धिक संपदा आयर्लंडमधील उपकंपन्यांच्या नावावर केली होती. नेमक्या कोणत्या कंपनीमुळे हे घडले ते सांख्यिकी कार्यालयाने सांगितले नाही आणि सांगणे त्याला कायद्याने शक्यही नव्हते. अर्थतज्ज्ञांच्या लिखाणात मात्र १९८० पासून कॉर्कमध्ये असलेल्या ॲपलच्या आयरिश उपकंपन्यांच्या फेररचनेकडे मुख्यतः बोट दाखवले जाते.

गोपनीयतेच्या या नियमाचा प्रादेशिक आकडेवारीवर थेट परिणाम झाला. २०१५ च्या प्रादेशिक जीडीपीत डब्लिन आणि नैर्ऋत्य उपविभाग, म्हणजे कॉर्क व केरी, यांचे आकडे वेगवेगळे न देता एकत्र दिले गेले, कारण वेगळे दिले असते तर एकाच कंपनीचे हिशेब उघडे पडले असते. प्रादेशिक विश्लेषकाने अशा जागी थांबून विचार करायला हवा. सारणीतील एखादी चौकट मोकळी ठेवली जाते किंवा दोन प्रदेश अचानक एकत्र केले जातात, तेव्हा तेथील आकडा एका-दोघांच्याच हातात एकवटला आहे, ही माहिती ती मोकळी चौकटच देत असते. अनेक जण अशा वेळी आदल्या वर्षाच्या प्रमाणात विभागणी करून चौकट भरून टाकतात आणि पुढे जातात. तसे केल्याने मालिका अखंड दिसते, पण जेथे तुटली होती नेमके तेथेच काय घडले ते झाकले जाते.

एक युरो हिशेबात कसा शिरतो

बौद्धिक संपदा देशात आल्याने जीडीपी का फुगतो, हे जवळून पाहणे आवश्यक आहे, कारण पुढची सगळी तपासणी त्यावर अवलंबून आहे. २०१४ मध्ये युरोपात लागू झालेल्या राष्ट्रीय लेख्यांच्या, म्हणजे देशाच्या आर्थिक हिशेबांच्या, नव्या नियमांनुसार मालाची आर्थिक मालकी कोणाची, यावर उत्पादन कोणत्या देशाचे हे ठरते. समजा, एखाद्या उपकरणाचे सर्व हक्क आयर्लंडमधील कंपनीकडे आहेत आणि ती आशियातील कारखान्याकडून ते उपकरण कंत्राटाने बनवून घेते. कारखान्याला मजुरी मिळते. माल मात्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत आयरिश कंपनीच्या मालकीचा राहतो आणि तिसऱ्या देशात विकला जातो. अशा वेळी ती विक्री आयर्लंडची निर्यात म्हणून नोंदली जाते. आयर्लंडच्या कोणत्याही बंदरातून तो माल गेलेला नसतो.

सामान्यतः अशा वेळी अभ्यासक जीडीपी सोडून सकल राष्ट्रीय उत्पादनाकडे वळतो, कारण परदेशी मालकांना जाणारा नफा त्यातून वजा होतो. आयर्लंडमध्ये कित्येक वर्षे हाच उपाय केला जात असे. २०१५ मध्ये तोही अपुरा पडला, कारण राष्ट्रीय उत्पादनही १८ टक्क्यांहून अधिक वाढलेले दिसले. याचे कारण घसाऱ्यात, म्हणजे मालमत्तेच्या झिजेपोटी दरवर्षी धरल्या जाणाऱ्या रकमेत आहे. केवळ समजण्यासाठी एक काल्पनिक हिशेब मांडू. आयात केलेल्या पेटंटातून एका कंपनीच्या उत्पादनात १०० रुपयांच्या मूल्याची भर, म्हणजे मूल्यवर्धन, होते. त्या पेटंटावरचा वार्षिक घसारा ८० रुपये आहे. उरलेला २० रुपये निव्वळ नफा परदेशी मालकाचा, म्हणून तो वजा होतो. जीडीपीत १०० रुपये मोजले गेले, तर राष्ट्रीय उत्पादनात ८० रुपये शिल्लक राहिले. पण तो घसाराही त्याच परदेशी मालकाच्या मालमत्तेची झीज आहे. आयर्लंडमधील कोणाच्याही हातात त्यातला एक पैसाही पडत नाही. ‘सकल’ या संज्ञेचा अर्थच घसारा वजा न करणे असा असल्यामुळे ही रक्कम आत राहते.

यावर उपाय शोधण्यासाठी आयर्लंडच्या केंद्रीय बँकेचे तत्कालीन गव्हर्नर फिलिप लेन यांच्या अध्यक्षतेखाली एक तज्ज्ञ गट नेमला गेला. त्याच्या शिफारशीनुसार सांख्यिकी कार्यालयाने जुलै २०१७ पासून सुधारित सकल राष्ट्रीय उत्पन्न प्रसिद्ध करायला सुरुवात केली. मुख्यालय केवळ नावापुरते आयर्लंडमध्ये आणलेल्या कंपन्यांचा नफा, आयात केलेल्या बौद्धिक संपदेवरचा घसारा आणि भाड्याने दिल्या जाणाऱ्या विमानांवरचा घसारा या तीन गोष्टी त्यातून वजा केल्या जातात. २०१६ साठी जीडीपी सुमारे २७५ अब्ज युरो होता, तर हे सुधारित उत्पन्न सुमारे १८९ अब्ज युरो. म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश कमी. एका सरकारी संस्थेने आपल्याच मुख्य आकड्याच्या मर्यादा मान्य करून त्याच्या शेजारी दुसरा आकडा उभा करावा, ही सार्वजनिक सांख्यिकीच्या इतिहासातील मोलाची घटना आहे, आणि तिची जेवढी दखल घेतली जायला हवी तेवढी घेतली जात नाही.

परंतु हा उपाय राष्ट्रीय पातळीवरचा आहे. युरोपच्या प्रादेशिक तुलनेत मोजला जातो तो जीडीपीच. म्हणून २८६ च्या मुळाशी जाण्यासाठी दुसरी वाट धरावी लागते.

कामाचे ठिकाण आणि राहण्याचे ठिकाण

प्रादेशिक जीडीपी उत्पादन जिथे होते त्या ठिकाणी मोजला जातो. कारखान्याला पत्ता असतो. पेटंटाला स्वतःचा पत्ता नसतो, म्हणून त्याच्या मालक संस्थेचा पत्ता त्याला मिळतो. याउलट घरगुती खर्चयोग्य उत्पन्न माणूस जिथे राहतो त्या ठिकाणी मोजले जाते. वेतन, स्वयंरोजगाराचे उत्पन्न, भाडे आणि सरकारी लाभ यांची बेरीज करून कर व सामाजिक विम्याचे हप्ते वजा केले की हा आकडा मिळतो. कंपनीने स्वतःकडे ठेवलेला किंवा बाहेरदेशी पाठवलेला नफा त्यात येत नाही. आयर्लंडचे सांख्यिकी कार्यालय दोन्ही आकडे एकाच वार्षिक प्रकाशनात देते: प्रादेशिक जीडीपी आणि काउंटीवार घरगुती उत्पन्न. तेच प्रकाशन या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचा पुरावा आहे.

दरडोई खर्चयोग्य उत्पन्नाच्या त्या यादीत डब्लिन वरच्या टोकाला आणि वायव्येकडील डोनेगल तळाशी असे चित्र वर्षानुवर्षे टिकून आहे. दक्षिण विभागातील लिमरिक आणि कॉर्क देशाच्या सरासरीच्या आसपास असतात, तर विभागातील इतर बहुतेक काउंट्या सरासरीखाली. २०२२ च्या जीडीपीच्या यादीत युरोपात पहिला असलेला प्रदेश घरांच्या उत्पन्नाच्या यादीत आपल्याच देशात पहिला नाही. आणि देशाची सरासरी तरी किती? लोक प्रत्यक्षात किती उपभोग घेतात ते मोजणाऱ्या, युरोस्टॅटच्याच दरडोई वास्तव उपभोगाच्या तुलनेत २०२२ मध्ये आयर्लंड युरोपीय सरासरीच्या खाली होता.

उत्पादन आणि उत्पन्न यांतली दरी पाहून लगेच ‘नफा बाहेर गेला’ असे म्हणणे मात्र घाईचे होईल. ही दरी दोन अगदी वेगळ्या कारणांनी पडते. पहिले कारण रोजचा प्रवास. किल्डेअर, मीथ आणि विकलो येथे राहणारे हजारो लोक डब्लिनमध्ये काम करतात. त्यांचे उत्पादन डब्लिनच्या खात्यात, वेतन त्यांच्या घराच्या काउंटीत आणि दरडोई भागाकारासाठीची माणसेही घराच्याच काउंटीत मोजली जातात. त्यामुळे डब्लिनचा दरडोई जीडीपी फुगतो, शेजारच्या काउंट्यांचा दबतो, आणि यात कोणाचाही पैसा कुठे पळालेला नसतो. दुसरे कारण नफा आणि घसारा. दोन्ही कारणे एकाच वजाबाकीत मिसळलेली असल्याने त्यांना वेगळे करणे हे विश्लेषकाचे मुख्य काम ठरते.

ते दोन प्रकारे करता येते. जनगणनेत कामाचे ठिकाण विचारले जाते आणि कोणत्या काउंटीतून कोणत्या काउंटीत किती लोक जातात याच्या सारण्या खुल्या आहेत. त्या पाहिल्या तर दक्षिण विभागातील बहुतेक येजा विभागाच्या आतच होते: मॅलोहून कॉर्कला, क्लेअरहून लिमरिकला. प्रदेश पुरेसा मोठा घेतला की अशी येजा आतल्या आत फिटते. म्हणजे दक्षिण विभागातील दरी प्रवासाने समजावता येत नाही. दुसरा मार्ग वेतनाच्या वाट्याचा. युरोस्टॅट प्रादेशिक मूल्यवर्धनासोबत कर्मचाऱ्यांना दिलेल्या एकूण मोबदल्याचे प्रादेशिक आकडेही देते. मोबदल्याला मूल्यवर्धनाने भागले की उत्पादनातील किती भाग श्रमाकडे गेला ते कळते. युरोपीय संघात हा वाटा जीडीपीच्या निम्म्याच्या जवळपास असतो, आयर्लंडमध्ये तो एक तृतीयांशाहूनही कमी आहे. त्याच्या जोडीला सांख्यिकी कार्यालयाची आणखी एक मालिका आहे, जी परदेशी बहुराष्ट्रीय कंपन्यांचे वर्चस्व असलेल्या क्षेत्रांचे मूल्यवर्धन उरलेल्या क्षेत्रांपासून वेगळे करते; २०२१ मध्ये देशाच्या एकूण मूल्यवर्धनातील निम्म्याहून अधिक भाग या पहिल्या गटाचा होता.

म्हणून असे म्हणता येते की दक्षिण विभागाचा २८६ बहुतांशी नफा आणि घसाऱ्याचा बनलेला आहे. ‘बहुतांशी’ हा शब्द मी जाणूनबुजून वापरला आहे. कॉर्कजवळच्या रिंगस्किडी येथील औषधनिर्मितीचे कारखाने खरे आहेत, त्यांतली कुशल आणि चांगल्या पगाराची कामे खरी आहेत, त्यांच्याभोवती उभी राहिलेली पुरवठादारांची आणि सेवांची साखळीही खरी आहे. बहुराष्ट्रीय म्हणजे कागदी, असे समीकरण मांडणारे लिखाण जीडीपीवर आंधळा विश्वास ठेवणाऱ्या लिखाणाइतकेच निष्काळजी असते. वेगळे करायचे आहे ते उत्पादनातून स्थानिक माणसाकडे काय येते आणि काय येत नाही, हे.

किमतींबाबत एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. युरोस्टॅट प्रादेशिक तुलनेत क्रयशक्तीचे, म्हणजे देशोदेशींच्या किमतींतील फरकाचे, समायोजन करते, पण ते संपूर्ण देशासाठी एकाच गुणकाने. कॉर्क, केरीचे खेडे आणि डब्लिन या सर्वांना आयर्लंडची एकच किंमतपातळी लागू होते. घरगुती उत्पन्नाच्या काउंटीवार आकड्यांत तर स्थानिक किमतींचे समायोजनच नसते. डब्लिनमधील घरभाडे देशात सर्वाधिक असल्याने तेथील उत्पन्नाची आघाडी राहणीमानात तेवढी उरत नाही. निवासी भाडेकरार मंडळाचा भाडे निर्देशांक आणि २०१० पासूनच्या प्रत्येक घरविक्रीची किंमत नोंदवणारी सार्वजनिक नोंदवही या दोन स्रोतांवरून त्याचा अंदाज बांधता येतो. सांख्यिकी कार्यालय स्वतःच असा इशारा देते की काउंटीच्या पातळीवरील अंदाजांत अनिश्चितता असल्याने जवळजवळच्या दोन काउंट्यांतील क्रमवारीला फार अर्थ देऊ नये. वृत्तपत्रांत मात्र नेमकी क्रमवारीच छापली जाते.

इतर साक्षीदार

लेख्यांवर विसंबायचे नाही, तर रोजगार, घरबांधणी, वीजवापर अशा प्रत्यक्ष खुणा पाहाव्यात, असा सल्ला नेहमी दिला जातो. तो योग्य आहे, मात्र प्रत्येक खूण कशासाठी गोळा केली जाते हे आधी पाहिले तरच.

आयर्लंडमध्ये बेरोजगारीच्या लाभासाठी नाव नोंदवलेल्यांची दरमहा मोजणी होते. ती प्रत्येक स्थानिक कार्यालयानुसार मिळत असल्याने प्रादेशिक अभ्यासकाला तिचा मोह पडतो. पण आठवड्यातून तीन दिवसांपर्यंत काम करणारे लोकही त्या नोंदवहीत असू शकतात आणि लाभाच्या नियमांत बदल झाला की अर्थव्यवस्थेत काही न घडताही संख्या हलते. बेरोजगारीचा अधिकृत दर तिमाही श्रमबल पाहणीवरून काढला जातो. ती नमुना पाहणी असल्याने प्रदेशाच्या पातळीवर तिचे आकडे एका तिमाहीतून दुसऱ्या तिमाहीत उगाचच हेलकावतात; चार तिमाहींची सरासरी घेतल्याशिवाय तिच्यावर प्रादेशिक विधान करू नये. शिवाय २०१७ च्या तिसऱ्या तिमाहीपासून या पाहणीने जुन्या घरगुती पाहणीची जागा घेतली असल्याने त्याआधीच्या आकड्यांशी जोडणी करताना सुधारित मालिकाच वापरावी लागते. मला विचाराल तर नोंदवहीकडे दिशा पाहण्यासाठी आणि पाहणीकडे पातळी पाहण्यासाठी जावे.

घरबांधणीचे उदाहरण तर प्रत्येक आकडेवारी वर्गात शिकवावे असे आहे. कित्येक वर्षे आयर्लंडमध्ये नव्या घरांची संख्या नव्या वीजजोडण्यांवरून मोजली जात होती. गृहीतक साधे होते: नवे घर म्हणजे नवी जोडणी. प्रत्यक्षात दोन वर्षांहून अधिक काळ बंद असलेल्या घराची वीज पुन्हा सुरू केली तरी ती नवी जोडणी म्हणून नोंदली जाई, आणि २००८ च्या मंदीनंतर अर्धवट राहिलेल्या वसाहतींतील घरे पुन्हा जोडली गेली की तीही. जून २०१८ मध्ये सांख्यिकी कार्यालयाने पूर्ण झालेल्या घरांची स्वतंत्र मालिका सुरू केली, तेव्हा २०१७ साठी जोडण्यांवरून निघणारा सुमारे १९ हजारांचा आकडा सुमारे १४ हजारांवर आला. मंदीत ज्या ग्रामीण काउंट्यांत रिकामी घरे जास्त होती तेथे जोडण्यांमुळे बांधकामाचा आभास अधिक होणे ओघानेच आले. म्हणजे मोजणीतील चुकीचा आकार सर्व प्रदेशांत सारखा नव्हता, आणि प्रादेशिक तुलनेसाठी असमान चूक ही सर्वांत घातक.

वीजवापराचेही तसेच. आर्थिक हालचालीचा अंदाज घ्यायला मीटरवरील विजेचे आकडे जगभर वापरले जातात. आयर्लंडमध्ये डेटा सेंटरांचा वाटा २०१५ मध्ये एकूण मीटरवरील विजेच्या ५ टक्के होता, तो २०२३ मध्ये २१ टक्क्यांवर गेला. या केंद्रांत माणसे मोजकीच असतात आणि ती प्रामुख्याने डब्लिनच्या परिसरात एकवटली आहेत. त्यांना वेगळे न काढता डब्लिनच्या वीजवापराची वाढ उद्योगाची वाढ म्हणून सांगितली, तर २८६ चीच चूक दुसऱ्या मापात होईल.

२०२३ या वर्षाने या सर्व साक्षींची चांगली परीक्षा घेतली. औषधे आणि कंत्राटी उत्पादन यांच्या निर्यातीतील घसरणीमुळे देशाचा जीडीपी त्या वर्षी आक्रसला. त्याच वर्षाच्या अखेरीस काम करणाऱ्यांची संख्या २७ लाखांवर गेली होती, जी तोपर्यंतची सर्वाधिक होती, आणि सुधारित देशांतर्गत मागणी, म्हणजे बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या अशा कागदी व्यवहारांना वगळून मोजलेला देशातील खर्च, वाढतच होती. जीडीपीवरून मंदी जाहीर करणाऱ्याला रस्त्यावर मंदी सापडली नसती.

शेजारच्या विभागावर पडलेली सावली

फुगलेल्या आकड्याचे नुकसान केवळ फुगलेल्या प्रदेशापुरते राहत नाही. डोनेगल, स्लायगो, मायो, गॉलवे आदी काउंट्यांचा उत्तर व पश्चिम विभाग देशाच्या सरासरीशी ताडून पाहिला, तर २०१५ नंतर तो अचानक फार मागे पडलेला दिसतो. तेथे त्या वर्षी काही कोसळले नव्हते. सरासरी वर गेली होती, आणि ती इतर दोन विभागांत नोंदलेल्या हक्कांमुळे गेली होती. प्रादेशिक विषमता मोजणारे नेहमीचे निर्देशांक, मग तो प्रदेशांचे आकडे सरासरीपासून किती विखुरले आहेत ते सांगणारा विचरण गुणांक असो वा सर्वांत वरच्या व सर्वांत खालच्या प्रदेशाचे गुणोत्तर, या उडीमुळे एका वर्षात झेपावतात. ‘आयर्लंडमधील प्रादेशिक दरी रुंदावत आहे’ असे विधान त्यावरून करणे म्हणजे कॉर्कमधील एका हस्तांतरणाचा अर्थ डोनेगलमध्ये शोधणे होय.

म्हणून या विभागाच्या बाबतीत तुलना बदलायला हवी. युरोपीय सरासरीशी केलेली तुलना अधिक निर्मळ आहे, कारण संघाच्या आकारमानात आयर्लंडची विकृती विरघळते. त्या तुलनेवर प्रत्यक्ष निर्णयही होतात: युरोपीय संघाच्या २०२१ ते २०२७ च्या निधीसाठी हा विभाग ‘अधिक विकसित’ या गटातून ‘संक्रमणशील’ गटात आला, आणि त्यामुळे प्रकल्पखर्चातील संघाचा सहभाग ४० टक्क्यांऐवजी ६० टक्क्यांपर्यंत मिळू शकतो. याच देशातील दोन विभाग युरोपातील सर्वांत वरच्या प्रदेशांत आहेत आणि तिसऱ्याला मदतीचा दर वाढवून द्यावा लागतो, ही गोष्ट मला आकडेवारीच्या चमत्कारापेक्षा अधिक गंभीर वाटते. पश्चिमेकडील मागासलेपण खरे आहे. ते सिद्ध करायला फुगलेल्या सरासरीची गरज नाही, आणि तिचा आधार घेतल्याने खऱ्या मागणीचा पायाच कच्चा होतो. घरगुती उत्पन्न, वेतन आणि जनगणनेवर आधारलेला वंचिततेचा निर्देशांक एवढे पुरेसे आहे.

सीमा बदलतात

काळानुसार कल पाहायचा असेल तर नकाशाचेही वर्ष तपासावे लागते. २०१८ मध्ये आयर्लंडचे सांख्यिकी विभाग बदलले. आधी दोन मोठे विभाग होते, त्यांचे तीन झाले; दक्षिण टिपरेरी आग्नेय उपविभागातून मध्य-पश्चिमेत गेले आणि लाउथ सीमावर्ती उपविभागातून मध्य-पूर्वेत. लाउथ हा डब्लिन-बेलफास्ट मार्गावरचा तुलनेने दाट वस्तीचा भाग असल्याने तो गेल्यावर सीमावर्ती उपविभागाची सरासरी आपोआप बदलते. कॉर्क शहराची हद्द ३१ मे २०१९ रोजी वाढवली गेली. २०१६ च्या जनगणनेत जुन्या हद्दीत सव्वा लाख लोक होते, तर २०२२ च्या जनगणनेत नव्या हद्दीत २,२४,००४. दोन्ही आकडे अधिकृत आहेत. ते शेजारी ठेवून सहा वर्षांत शहर ७८ टक्क्यांनी वाढले असे लिहिता येते आणि ते पूर्णतः चुकीचे असते. हद्दवाढीने सुमारे ८५ हजार लोक शहरात मोजले जाऊ लागले होते. यावर उपाय म्हणजे सर्वांत लहान सांख्यिकी क्षेत्रांपासून सुरुवात करून दोन्ही वर्षांसाठी एकच हद्द स्वतः बांधणे. जनगणनेचे लघुक्षेत्रीय आकडे खुले असल्याने ते करता येते. कष्ट लागतात एवढेच.

सुधारणांचेही भान ठेवावे लागते. जीडीपीचे प्रादेशिक आकडे आधी तात्पुरते येतात आणि नंतर बदलतात, राष्ट्रीय आकडे तर कधी कधी काही टक्क्यांनी बदलतात. कोणत्या तारखेला कोणती आवृत्ती उतरवून घेतली हे लिहून ठेवले नाही, तर वर्षभराने आपलेच काम आपल्याला तपासता येत नाही.

दक्षिण विभागाबद्दल काय म्हणता येते

या सर्व स्रोतांवरून दक्षिण विभागाबद्दल पुढील विधाने करता येतात. औषधे आणि तंत्रज्ञान या क्षेत्रांतील बहुराष्ट्रीय कंपन्यांचा येथील नोंदलेल्या उत्पादनावर इतका प्रभाव आहे की त्याच्या वार्षिक चढउतारावरून स्थानिक कल वाचता येत नाही. त्या कंपन्यांतील रोजगारामुळे कॉर्क आणि लिमरिकचे घरगुती उत्पन्न देशाच्या सरासरीजवळ टिकून आहे, पण विभागातील ग्रामीण काउंट्यांपर्यंत तो लाभ तितका पोहोचलेला नाही. लोकसंख्या २०१६ ते २०२२ दरम्यान प्रत्येक काउंटीत वाढली, आणि घरांवरचा ताण त्यासोबत आला.

एक प्रश्न मात्र उरतो, आणि तो या प्रकरणातला सर्वांत कठीण आहे. नफा बाहेर जातो, घसारा कागदावर राहतो, पण त्या नफ्यावरचा कर आयर्लंडमध्ये भरला जातो. देशाचे कंपनीकराचे उत्पन्न २०१४ मध्ये ४.६ अब्ज युरो होते, ते २०२२ मध्ये २२ अब्जांच्या वर गेले, आणि त्यातील निम्म्याहून अधिक वाटा दहा कंपन्यांचा असतो. हा पैसा खरा आहे. त्यातून रुग्णालये, शाळा आणि रस्ते होतात. म्हणजे २८६ मधला एक हिस्सा स्थानिक माणसापर्यंत पोहोचतो, पण तो डब्लिनच्या तिजोरीतून फिरून, आणि कोणत्या काउंटीत किती पोहोचतो हे उत्पादनाच्या नव्हे तर सरकारी खर्चाच्या आकड्यांत शोधावे लागते. करभरणा कंपनीच्या पत्त्यावर नोंदला जातो, खर्च मंत्रालयांच्या शीर्षांखाली, आणि या दोहोंना काउंटीनुसार जोडणारी सलग मालिका नसल्याने विश्लेषकाला शाळांची बांधकामे, रस्त्यांचे प्रकल्प आणि स्थानिक परिषदांची अंदाजपत्रके एकेक करून जुळवावी लागतात. कॉर्कमध्ये नोंदलेल्या नफ्याने डोनेगलमधील एखादी शाळा उभी राहत असेल, तर प्रादेशिक लेख्यांत ते कोठेही दिसणार नाही. पश्चिमेकडील अंदाजपत्रकांपासून सुरुवात करून ती वाट उलटी चालत यावी लागेल.